जाहिरात भाड्याची, चॅनेल घरचे



हल्ली गावोगाव घरातले कोणी ना कोणी यूट्यूबवर चॅनेल चालविते. कोणी गुऱ्हाळ दाखविते, कोणी शेळीपालन, कोणी चुलीवरची भरली वांगी. चॅनेल थोडे चालू लागले की घरात एक वाद हमखास उभा राहतो. थोरला म्हणतो, "अण्णा, जाहिरातीला तीन हजार लावू. गूळ घरबसल्या जाईल." सूनबाईला कोणी सांगितलेले असते, की अमुक एका साधनाची महिन्याची वर्गणी भरली म्हणजे व्हिडिओ आपोआप वर येतात. आणि अण्णांच्या डोळ्यांपुढे खोडव्याच्या खताचे बिल नाचत असते.

तिघांचेही काही चुकत नाही. पण तिघे तीन निराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. जाहिरात हा भाड्याचा ट्रॅक्टर आहे. भाडे भराल तोवर चालेल, थांबविलेत की उभा राहील. चॅनेल ही घरची जमीन आहे. तिची मशागत करावी तशी ती हळूहळू पिकते. आणि ही वर्गणीची साधने म्हणजे माती परीक्षणाचा अहवाल. तो काय कमी आहे ते सांगतो, नांगर धरीत नाही. हा फरक कळला म्हणजे निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा हिशेबाने मिटवावा.

जाहिरातीचा पैसा कसा कापला जातो

यूट्यूब हे गुगलचे आहे आणि तेथील जाहिरात 'गुगल ॲड्स' या व्यवस्थेतून दिली जाते. ही व्यवस्था २००० साली 'ॲडवर्ड्स' या नावाने सुरू झाली. २०१८ पासून तिचे आजचे नाव आहे. येथे ठरावीक दरपत्रक नसते, लिलाव असतो. एकाच ग्राहकापुढे येण्यासाठी अनेक जाहिरातदार बोली लावतात, म्हणून दर रोज कमी-जास्त होतो.

दुसऱ्याच्या व्हिडिओआधी आपली जाहिरात लागते, तेव्हा पाच सेकंदांनी ती वगळण्याचे बटण येते. पाहण्यानुसार पैसे देण्याचा प्रकार निवडलेला असेल, तर माणसाने ३० सेकंद जाहिरात पाहिली (जाहिरात त्याहून लहान असेल तर पुरी पाहिली) किंवा तिच्यावर बोट दाबले, तरच पैसे लागतात. आधीच वगळली तर लागत नाहीत. म्हणून गावाचे नाव, माल आणि भाव पहिल्या पाच सेकंदांत सांगून टाकावा. ज्याला नको तो निघून जाईल, आणि त्याचा भुर्दंड आपल्यावर पडणार नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दिवसाला ३०० रुपये ठरविले तरी एखाद्या दिवशी ६०० पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा आकडा मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पटीपलीकडे, म्हणजे येथे ९,१२० रुपयांपलीकडे जात नाही. तेव्हा बंद करण्याची तारीख सुरुवातीलाच घालून ठेवावी. दुसरी गोष्ट गावाची. आपण 'पुणे' निवडले, तरी पुण्यात राहणाऱ्यांबरोबर पुण्याविषयी नुसती आवड दाखविणाऱ्यांनाही जाहिरात दिसू शकते. 'त्या भागात असलेल्यांनाच' हा पर्याय आपण स्वतः निवडावा लागतो. माल पुण्यात पोचवायचा आणि जाहिरात दुसऱ्याच मुलुखात दाखवायची, यात आपला लाभ काय?

गुळाचा हिशेब

समजा, कोल्हापूरकडचे एक गुऱ्हाळघर आहे. एक किलो गुळामागे बांधणी आणि पाठवणीचा खर्च जाऊन २० रुपये सुटतात. रोज ३०० प्रमाणे दहा दिवस जाहिरात दिली, ३,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी ५४० रुपये. एकूण ३,५४०. याला २० ने भागा. १७७ किलो गूळ जास्तीचा विकला, तेव्हा कोठे मुद्दल हाती आले, नफा त्यानंतरचा.

'जास्तीचा' हा शब्द महत्त्वाचा आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकाने नेलेला गूळ जाहिरातीच्या खात्यावर मांडू नये. त्यासाठी सोपा उपाय असा, की फोन आला की सूनबाईने विचारावे, "आमचे नाव कोठून कळले?" आणि वहीत एका ओळीत टिपावे. दहा दिवसांच्या या वहीला कोणत्याही महागड्या साधनाची सर येणार नाही.

हंगामात, माल तयार असताना आणि किलोमागची सुटणारी रक्कम ठाऊक असताना जाहिरात द्यावी. घाणा बंद असताना दिलेली जाहिरात म्हणजे रिकाम्या गाडीचे भाडे.

जाहिरातीने चॅनेलची कमाई सुरू होत नाही

कित्येक घरांत येथेच घोटाळा होतो. चॅनेलवर लागणाऱ्या जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य हवेत. शिवाय गेल्या बारा महिन्यांत लोकांनी ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले हवेत, किंवा ९० दिवसांत छोट्या 'शॉर्ट्स' १ कोटी वेळा पाहिल्या गेलेल्या हव्यात. ही अट पुरी करण्यासाठी काही जण आपल्याच व्हिडिओची जाहिरात देतात. पण जाहिरात म्हणून पाहिले गेलेले तास या ४,००० तासांत धरलेच जात नाहीत. म्हणजे थोरल्याच्या तीन हजारांनी गूळ विकला जाईल, पण त्या तासांत तासाचीही भर पडणार नाही. बनावट पाहणारे विकणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नये. ते यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यापायी चॅनेलच बंद पडू शकते.

वर्गणीची साधने

आता सूनबाईच्या प्रश्नाकडे येऊ. 'विडआयक्यू' आणि 'ट्यूबबडी' ही या कामातली दोन नावाजलेली साधने. दोन्ही संगणकाच्या ब्राउझरला जोडता येतात, दोन्हींचा थोडा भाग फुकट आहे आणि बाकीच्यासाठी वर्गणी आहे. कोणता शब्द लोक शोधतात, शीर्षक कसे असावे, दुसऱ्यांचे व्हिडिओ कसे चालले आहेत, हे दोन्ही सांगतात. विडआयक्यूचा भर विषय सुचविण्यावर आणि शब्दांच्या शोधावर अधिक. ट्यूबबडी हे पुष्कळ व्हिडिओंची माहिती एकदम बदलण्यासारख्या हातकामाला सोयीचे. ज्याचे दोनशे व्हिडिओ झाले त्याला या सोयीचा उपयोग. ज्याचे बाराच आहेत त्याने ती विकत घेऊन करायचे काय?

शब्द किती वेळा शोधला जातो याचे जे आकडे ही साधने दाखवितात, ते अंदाज असतात. शिवाय आपल्याकडे कोणी 'गूळ' देवनागरीत लिहून शोधतो, तर कोणी रोमन अक्षरांत, तेही प्रत्येक जण आपल्या मनाने. म्हणून त्या आकड्याला बाजारभावासारखे पक्के मानू नये. आणखी एक सावधगिरी अशी, की अशी साधने आपल्या चॅनेलच्या खात्यात शिरण्याची परवानगी मागतात. ती देण्यापूर्वी काय मागितले आहे ते वाचावे, आणि खात्याचा संकेतशब्द कोणालाही देऊ नये.

मुख्य म्हणजे यूट्यूबचे स्वतःचे 'स्टुडिओ' हे साधन पूर्ण फुकट आहे. आपल्या चॅनेलची खरी मोजणी तेथेच मिळते. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्हिडिओचे चित्र शंभर जणांपुढे आले तर किती जणांनी तो उघडला. यूट्यूबच्याच सांगण्याप्रमाणे निम्म्या चॅनेलांचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. दुसरी, लोक कोणत्या क्षणी उठून गेले. २०१२ पासून यूट्यूब नुसत्या पाहणाऱ्यांच्या संख्येपेक्षा लोक किती वेळ पाहतात याला अधिक महत्त्व देते, म्हणून हा आलेख नीट वाचावा. पहिल्याच मिनिटाला निम्मे लोक जात असतील, तर लांबलचक नमस्कार-चमत्कार कापून सरळ काहिलीतला उकळता रस दाखवावा. व्हिडिओवर लावायचे चित्र कोणते चालते, याची चाचणी ट्यूबबडी महागड्या वर्गणीत देत आले आहे. २०२४ पासून यूट्यूबने स्टुडिओतच तीन चित्रांची तुलना करण्याची सोय दिली आहे. घरच्या विहिरीला पाणी असता टँकर कशाला मागवावा?

क्रम कसा असावा

आमच्या मते क्रम असा असावा. आधी सहा महिने फुकटचा स्टुडिओ आणि दर आठवड्याला एक नेटका व्हिडिओ. मग हंगामात, वही मांडून, दहा दिवसांची जाहिरात. वर्गणी सर्वांत शेवटी, तीही चॅनेलच्या मिळकतीतून, खताच्या पैशांतून नव्हे. नाही तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला व्हायचा.

थोरल्याचा उत्साह आणि सूनबाईची चिकाटी ही घराची दौलत आहे. अण्णांनी ती मोडू नये, फक्त वही मागावी. आणि मुलांनीही वही दाखविण्यात कमीपणा मानू नये. येत्या रविवारी जेवणानंतर तिघांनी मिळून एवढे एकच भागाकाराचे गणित करावे: आपल्या मालाच्या एका किलोमागे काय सुटते, आणि जाहिरातीचा खर्च भरून काढण्यास किती किलो जास्तीचे विकावे लागतील? उत्तर घरच्या मालापेक्षा मोठे आले, तर यंदा जाहिरात नको. लहान आले, तर खुशाल द्यावी.