पुरणपोळीचा हिशेब

फाल्गुनी पौर्णिमेला जिंतूर शहरात व तालुक्यातील खेड्यापाड्यांत होळी पेटते, तेव्हा पुरणपोळीवाचून सण पुरा होत नाही. हा योग केवळ धार्मिक नव्हे. परभणी जिल्ह्यात रब्बीचा हरभरा याच सुमारास पदरी पडतो. पुरण हे एका अर्थाने हंगामाचे उद्यापनच होय. पुढे पंधरवड्याने पाडवा येतो आणि सालगड्यांचे नवे साल ठरते. या दोहोंच्या मध्ये आप्तेष्टांची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची एक पंगत बसावी, यात पूर्वजांचे शहाणपण आहे.

इंग्लंडातही ख्रिस्ती उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारी, घरातील लोणी व अंडी संपविण्याच्या निमित्ताने, धिरड्यासारखे पॅनकेक करण्याची प्रथा आहे. ओल्नी या गावी त्या दिवशी स्त्रिया हाती तवा घेऊन शर्यत धावतात. ही चाल १४४५ पासूनची मानली जाते. चर्चची घंटा ऐकून तव्यासह धावत सुटलेल्या एका गृहिणीची आख्यायिका तिच्यामागे सांगतात. सण सर्वांचा, धावपळ मात्र एकीची, हे चित्र आपणांस अपरिचित वाटू नये.

डाळ शिजवावयाची, कट काढावयाचा, गूळ घालून पुरण आटवावयाचे, ते वाटावयाचे, कणीक तिंबावयाची आणि शेवटचे पान उठेपर्यंत तव्यापाशी उभे राहावयाचे. इतके करून जिने पोळ्या लाटल्या, तिच्या पानात येते ती निवालेली पोळी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरच्या बिनमोल कामात ८१.२ टक्के स्त्रिया सहभागी होत्या, पुरुष अवघे २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. हा हिशेब रोजचा आहे. सणाचा भार त्याहून वेगळा.

अर्थशास्त्राचा विरोधाभास असा की, दुकानातून विकत आणलेली पोळी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. घरी लाटलेल्या पोळीमागील श्रम शून्य ठरतात.

यावर कोणी म्हणेल की, मायेचे मोल रुपयांत करू नये. हे मान्यच आहे. परंतु मायेचे मोल होत नसले, तरी तासांची मोजणी होते. आणि माया एकाच बाजूने राबत असेल, तर तिला परंपरेचे नाव देऊन मोकळे होता येत नाही. पुरुषांना ही कला साधत नाही, हा युक्तिवादही टिकणारा नाही. हरिनाम सप्ताहात गावजेवणाच्या कढया गावचे पुरुषच उतरवितात. लग्नकार्यातील आचारीही बहुधा पुरुषच असतो. जेथे मान अथवा मोबदला आहे, तेथे हाताला झारा जड होत नाही. घरच्या चुलीपाशीच तो जड का व्हावा?

पोळी बाजारातून आणणे हा एक तोडगा झाला. परंतु त्याने घरातील श्रमांची वाटणी बदलत नाही, ती केवळ एका दिवसापुरती टळते. खरा उपाय अधिक साधा आहे. होळीची लाकडे गोळा करणाऱ्या मुलांनी पुरणयंत्रही फिरवावे, घरच्या पुरुषांनी तवा सांभाळावा आणि लाटणारीने पहिल्या पंगतीस बसावे. त्याने होळीचे पावित्र्य उणावणार नाही. गरम पोळीचा वाटा तेवढा न्याय्य होईल.