लूप चालू असताना मोजा

पोस्टग्रेसमध्ये प्रोसिजर आल्या २०१८ मध्ये, ११व्या आवृत्तीत. फंक्शन आधीपासून होतेच. प्रोसिजर हवी होती ती आतून कमिट करता यावे म्हणून. लाखो ओळींचे काम तुकड्यांत उरकायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर कमिट मारायचे. नेमक्या याच वाटेवर मेमरी गळत होती. अशी प्रोसिजर लूपमधून दुसरीला 'कॉल' करी, तेव्हा दर वेळी नवा प्लॅन तयार होई. बाहेरची प्रोसिजर संपेपर्यंत जुना एकही प्लॅन सोडला जात नसे. दुरुस्ती आली नोव्हेंबर २०२० मध्ये, १३.१, १२.५ आणि ११.१० या आवृत्त्यांत. तोवर दोन वर्षे उलटली होती.

या गळतीत उत्तर एकदाही चुकत नव्हते. ओळी बरोबर, बेरजा बरोबर, कमिट जागच्या जागी. आपल्या बहुतेक चाचण्या एवढेच विचारतात. दहा फेऱ्या मारतात, निकाल ताडून पाहतात आणि हिरवा दिवा देतात.

नंतर मोजूनही काही हाती लागत नाही. पोस्टग्रेस मेमरी कॉन्टेक्स्टच्या हिशेबाने वाटते. कॉन्टेक्स्ट संपला की त्यातले सगळे एकदम मोकळे होते. म्हणजे प्रोसिजर संपताच पुरावाही गेला. गळती शोधणारी नेहमीची साधने बेवारस मेमरी हुडकतात. ही मेमरी बेवारस नव्हती. तिला मालक होता, फक्त तो फार उशिरा सोडत होता.

हा उशीर परवडत नाही. रात्रीचा बॅच अर्ध्यावर असताना मशीनची मेमरी संपते आणि लिनक्स ती प्रोसिजर चालवणारी एक प्रोसेस मारून टाकते. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शन्सही तोडते आणि रिकव्हरी करून पुन्हा उभे राहते. एका लूपपायी त्या सर्व्हरवरचा प्रत्येक वापरकर्ता बाहेर फेकला जातो.

म्हणून गळतीची चाचणी लूप चालू असतानाच व्हायला हवी. हजाराव्या फेरीला मेमरी मोजा, लाखाव्या फेरीला पुन्हा मोजा. दुसरा आकडा फेऱ्यांच्या प्रमाणात फुगला असेल, तर निकाल कितीही अचूक असो, चाचणी नापास. १४व्या आवृत्तीपासून 'पीजी_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स' हा व्ह्यू प्रोसिजरच्या आतूनच वाचता येतो. जुन्या आवृत्तीवर ऑपरेटिंग सिस्टीमकडून त्या प्रोसेसची मेमरी पाहता येते. साधन नाही, ही सबब आता चालणार नाही.

आणखी एक अट. हीच चाचणी आधी दुरुस्ती नसलेल्या कोडवर चालवा. तिथे ती नापास झालीच पाहिजे. दोन्हीकडे पास होणारी चाचणी गळतीबद्दल काहीच सांगत नाही.

अनेक ठिकाणी मेमरीच्या गळतीवर रूढ उपाय आहे तो ठरावीक वेळाने कनेक्शन तोडून नवे घेण्याचा. एकाच प्रोसिजरच्या पोटात चाललेल्या गळतीला तो लागूच पडत नाही, कारण मधे कनेक्शन तोडले तर कामच तुटते. तरीही 'रीस्टार्ट केले, ठीक झाले' अशी नोंद करून तिकीट बंद होते. मेमरीचा आकडा आणि त्याची मर्यादा चाचणीत लिहिलेली नसेल, तर ते तिकीट बंद करू नये.