टक्केवारीच्या छेदात कोण?

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’, ‘शाळेचा निकाल १०० टक्के’. पालक शाळा निवडतात त्या याच आकड्यावरून. संस्था शिक्षकांचे कौतुक करते किंवा त्यांना जाब विचारते तेही याच आकड्यावरून, आणि निकाल घसरला तर शिक्षण विभागाच्या कारणे दाखवा नोटिसाही यावरूनच निघतात. सरकारी पैशावर चालणारी माध्यमिक शाळा चांगली की वाईट, हे ठरवण्याचे आपल्याकडचे सर्वांत रूढ माप म्हणजे ही टक्केवारी. हे माप फेकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. ते ज्या रीतीने काढले जाते त्यात मात्र एक मोठी खोट आहे, आणि ती दूर करण्यासाठी लागणारी माहिती प्रत्येक शाळेच्या कपाटात आज पडून आहे.

आधी या आकड्याची बाजू नीट मांडली पाहिजे. महाराष्ट्रात सार्वजनिक माध्यमिक शिक्षण म्हणजे केवळ सरकारी शाळा नव्हेत. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला आहेत, शहरांत नगरपालिका-महापालिकांची विद्यालये आहेत. पण राज्याच्या मोठ्या भागात हायस्कूल गावापर्यंत नेले ते संस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत, बापूजी साळुंखे यांची विवेकानंद, विदर्भात पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था ही त्यातली ठळक नावे. या अनुदानित शाळांमधल्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. म्हणजे त्या कशा चालतात हे विचारण्याचा हक्क लोकांना आहे, आणि तो बजावायचा तर शाळेबाहेरच्या कोणीतरी केलेले मोजमाप हवे. दहावीची परीक्षा तशी आहे. प्रश्नपत्रिका मंडळ काढते, उत्तरपत्रिका दुसऱ्याच शाळेतले शिक्षक तपासतात. आई-वडील दोघेही मजुरीला जाणाऱ्या मुलीच्या घरी दहावीचे प्रमाणपत्र हा शोभेचा कागद नसतो. जन्मतारखेच्या पुराव्यापासून आयटीआयच्या प्रवेशापर्यंत सगळीकडे तो लागतो. ‘गुणांना काय महत्त्व द्यायचे’ असे म्हणणे ज्यांच्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना परवडते. इतरांना परवडत नाही.

तरीही हा आकडा शाळेचे मोजमाप म्हणून किती डळमळीत आहे, हे २०१९ आणि २०२० या दोन वर्षांनी दाखवून दिले. २०१९ मध्ये राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. २०२० मध्ये तो थेट ९५.३० वर गेला. शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळा २०१९ मध्ये सुमारे १,८०० होत्या, पुढच्या वर्षी ८,३०० हून अधिक झाल्या. एका वर्षात साडेसहा हजार शाळा सुधारल्या का? अर्थातच नाही. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून घेतले होते. निकाल कोसळल्यावर आरडाओरड झाली आणि ते गुण परत आले. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, तर २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. शाळा त्याच, शिक्षक तेच, मुलेही त्याच वस्त्यांमधली. बदलले होते ते गुण देण्याचे नियम.

आजही १०० पैकी ३५ ला पास, आणि त्यातले २० गुण शाळेच्या हातात. ते सगळे दिले तर मुलाला लेखी ८० पैकी १५ मिळवायचे राहतात. अंतर्गत गुणांना आमचा विरोध नाही. तोंडी परीक्षेतच खुलणारी मुले असतात आणि त्यांना ती संधी मिळायलाच हवी. पण ज्या शाळेचे मूल्यमापन व्हायचे आहे तिच्याच हाती गुणांचा पाचवा हिस्सा असेल, तर निकालाच्या शेवटच्या दहा टक्क्यांवरून दोन शाळांत डावे-उजवे करता येत नाही. कॉपीचा प्रश्न वेगळाच. २०१० च्या सुमारास नांदेडमध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम राबवली तेव्हा निकाल धाडकन खाली आले होते. त्या वर्षी नांदेडच्या शाळा एकाएकी बिघडल्या, असे कोणीही म्हणणार नाही.

मग दुसरी मापे आहेत का? आहेत, आणि त्यांच्या मर्यादाही आहेत. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात शाळांना गुण देऊन लाखांची बक्षिसे दिली गेली. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात एकूण १५० गुणांपैकी ३३ पायाभूत सुविधांना, ७४ शासनाच्या धोरणांच्या अंमलबजावणीला आणि ४३ शैक्षणिक संपादणुकीला होते. या मोहिमेमुळे अनेक गावांनी वर्गणी काढून भिंती रंगवल्या, परसबागा केल्या, मुलींची स्वच्छतागृहे दुरुस्त करून घेतली. हे काम मोलाचे आहे. स्वच्छतागृह नसल्याने महिन्यातले चार दिवस घरी बसणारी मुलगी वर्षभरात किती शिकणे गमावते, याचा हिशेब करून पाहावा. पण ज्या मोजणीत शिकण्याच्या वाट्याला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी गुण येतात, तिच्यावरून शाळेची गुणवत्ता ठरवता येत नाही. ‘असर’सारखे शैक्षणिक सर्वेक्षण मुलांना वाचता आणि हिशेब करता येतो की नाही, या प्रश्नाला थेट भिडते. १४ ते १८ वयोगटावरच्या २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमले नव्हते. मात्र ही पाहणी घरोघरी जाऊन नमुन्यावर होते. तुमच्या गावच्या विद्यालयाबद्दल ती काही सांगू शकत नाही.

याच आकड्यांतून माध्यमिक शाळांची एक रास्त तक्रार उभी राहते. आपल्याकडचे नेहमीचे विद्यालय पाचवी ते दहावीचे असते, काही ठिकाणी आठवीपासूनचे. तिथे येणारे मूल वाचायला शिकून आलेले असेलच असे नाही. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा राज्याने २०२३-२४ पासून पुन्हा सुरू केली. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षक भरतीवर बंदी आणली, पुढे भरतीसाठी पवित्र पोर्टल आले, पण रिकाम्या जागांचा अनुशेष भरला नाही. इंग्रजीचे शिक्षक गणित शिकवताहेत, प्रयोगशाळेचे कुलूप महिनोन्‌महिने निघत नाही, आणि जे शिक्षक आहेत ते निवडणुकीच्या कामाला जुंपलेले, ही अवस्था कोणत्याही तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना विचारली तर कळेल. अशा शाळेचा ८२ टक्के निकाल आणि शहरातल्या, निवडून मुले घेणाऱ्या, संध्याकाळी निम्मी मुले क्लासला जाणाऱ्या शाळेचा ९८ टक्के निकाल यांची तुलना केली, तर पहिल्या शाळेतल्या शिक्षकांवर अन्याय होतो.

आमच्या मते खरी खोट मात्र याहून साधी आहे. टक्केवारीत अंश असतो तसा छेदही असतो. दहावीच्या निकालात छेदात असतात फक्त परीक्षेला बसलेली मुले. आठवीत असलेली पण दहावीच्या बाकापर्यंत न पोहोचलेली मुले त्यात नसतातच.

ती कुठे जातात? काही घरच्या अडचणीने गळतात, काहींचे गाव बदलते, मुलींची लग्ने होतात. पण काहींना शाळाच बाजूला काढते. नववीचा निकाल लागला की कच्च्या मुलाच्या वडिलांना बोलावून सांगितले जाते: ‘याला आमच्याकडून बसवू नका, बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा.’ हा अर्ज मुळात चांगल्या हेतूचा आहे. शाळा सुटलेल्या, संसाराला लागलेल्या, कामाला गेलेल्या माणसाला खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देता यावी, यासाठी तो आहे आणि हजारोंना त्याचा आधार वाटतो. पण चालू शाळेतल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती तो दिला, की त्याचा वर्ग सुटतो, शिक्षक सुटतात, रोजची हजेरी सुटते. तो नापास झाला तरी शाळेचा निकाल बिघडत नाही. असा सल्ला देणारे मुख्याध्यापक दुष्ट असतात असे नाही. एका मुलापायी शंभर टक्क्यांचा फ्लेक्स गेला तर संस्था, पालक आणि शेजारची शाळा काय म्हणेल, हे त्यांना ठाऊक असते. आपणच त्यांना त्या कोपऱ्यात ढकलले आहे. तरीही त्या मुलाचे नुकसान त्यामुळे कमी होत नाही.

उदाहरणादाखल दोन शाळा घेऊ. दोन्हींत आठवीला ६० मुले. पहिलीतून दहावीला ४१ बसली आणि सगळी पास झाली: निकाल १०० टक्के. दुसरीने ५७ मुले परीक्षेपर्यंत नेली, त्यातली ५० पास झाली: निकाल ८७.७. आता छेदात आठवीचा पट ठेवून पाहा. पहिली ६८ वर येते, दुसरी ८३ वर. चौकात कौतुकाचा फ्लेक्स लागतो तो पहिलीचा. नोटीस मिळण्याची भीती दुसरीला.

म्हणून आमची मागणी अशी: प्रत्येक शाळेच्या निकालासोबत तीन आकडे जाहीर व्हावेत. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती, त्यातली किती याच शाळेतून दहावीला बसली, आणि मार्च व जुलै या दोन्ही परीक्षा मिळून किती पास झाली. जुलैची पुरवणी परीक्षा यात घ्यायलाच हवी, कारण सुट्टीत मुलांना बसवून गणित करून घेणाऱ्या शिक्षकांचे श्रम मेच्या आकड्यात दिसत नाहीत. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. मूल शाळेत कधी आले आणि दाखला घेऊन कधी गेले याची नोंद जनरल रजिस्टरमध्ये असते, आणि शाळांची माहिती साठवणाऱ्या यूडायस प्लस या सरकारी प्रणालीमध्ये आता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद ठेवली जाते.

यावर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. बीडच्या ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या आगेमागे आई-वडिलांबरोबर निघतात आणि त्यातली काही परत वर्गात येत नाहीत. त्याचा दोष विद्यालयाच्या माथी मारणे योग्य नाही. जे मूल दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत रीतसर दाखल झाले, त्याला छेदातून वगळले पाहिजे. पण ज्याचा कुठेच ठाव नाही, त्याला वगळता कामा नये. शाळेचा दोष नसला तरी ते मूल हरवले आहे, ही बातमी गावाला आणि तालुक्याला कळली पाहिजे. दहावीत अठराच मुले असलेल्या वाडीवरच्या शाळेत एका मुलाने साडेपाच टक्के हलतात. तिथे एका वर्षाचा आकडा निरर्थक ठरतो, तीन-चार वर्षांची सरासरीच घ्यावी लागेल. आणि सर्वांत वजनदार आक्षेप हा, की छेद बदलला तर शाळा मुलांना धरून ठेवतील, पण न शिकवताच अंतर्गत गुणांवर आणि कॉपीवर तारून नेतील. हा धोका आहे. त्यावर उपाय म्हणून लेखी पेपरातली सरासरी स्वतंत्रपणे दाखवता येईल, आणि आठवीपर्यंत घेतल्या जाणाऱ्या नियतकालिक चाचण्यांशी ती ताडून मूल कुठून कुठे आले याचाही अंदाज करता येईल. त्यात चुका राहतील. वर्गाबाहेर काढलेल्या मुलाला मोजायचेच नाही, या आजच्या चुकीपेक्षा त्या आम्हाला लहान वाटतात.

इतरत्रही हेच पेच पडले आहेत. इंग्लंडने २०१६ पासून माध्यमिक शाळांची तुलना मुले अकराव्या वर्षी कुठे होती ते पाहून सुरू केली. तरी निकालासाठी मुलांना पटावरून उतरवणाऱ्या शाळांचा प्रश्न तिथल्या तपासणी यंत्रणेला वेगळा हाताळावा लागला. शाळेला एकाच शब्दाचा शेरा देण्याची पद्धत त्यांनी सरकारी शाळांपुरती २०२४ मध्ये बंद केली.

पालकांचा प्रश्न सरळ असतो: माझ्या मुलीला कुठे घालू? त्यांनी टक्केवारी जरूर विचारावी. त्याचबरोबर गणित आणि विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहेत का, प्रयोग मुले स्वतः करतात का, आणि गेल्या वर्षी नववीतून किती मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितले, हेही विचारावे. आपली मुलगी हुशार आहे, तिचा याच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आजारपण, घरातला मृत्यू, दुष्काळाचे वर्ष यांतले काहीही कोणत्याही हुशार मुलीला एका वर्षात मागे खेचू शकते. त्या वर्षी शाळा तिला धरून ठेवेल की बाहेरची वाट दाखवेल, हे इतर मुलांशी शाळा आज कशी वागते त्यावरूनच कळते.

नवा हिशेब लागू झाला तर पहिल्या वर्षी अनेक नामवंत विद्यालयांचे आकडे खाली येतील, आणि काही अगदी साध्या प्रशाला वर दिसतील. त्या वर्षी कोणत्याही मुख्याध्यापकाला या आकड्यांवरून नोटीस देऊ नये, अनुदानाचा किंवा वेतनवाढीचा संबंध त्यांच्याशी जोडू नये. तीन तुकड्या आठवी ते दहावी पार होईपर्यंत ते फक्त शाळेच्या फलकावर आणि ग्रामसभेत मांडले जावेत. मुख्याध्यापकांना घाबरवून मागवलेले आकडे खरे येत नाहीत, आणि इथे सगळे काम आकडे खरे येण्यावरच अवलंबून आहे.