रिकाम्या पाकिटाचा धनी कोण?

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत, आणि तो विषय मानधनाचा नाही. शाहूवाडी, भुदरगड, चंदगडपासून हातकणंगल्यापर्यंतच्या अंगणवाडी सेविका विचारत आहेत : टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, रिकामी पाकिटे द्यायची कोणाकडे?

1 जुलै 2025 पासून पाकीट हाती देण्याआधी लाभार्थी मातेचा चेहरा पोषण ट्रॅकर ॲपवर जुळवणे सक्तीचे झाले. रेंज नसलेल्या वाडीवर मोबाइल उंच धरून उभ्या राहिलेल्या सेविकांना त्याबद्दल वेगळे सांगायला नको. त्याच 1 जुलैपासून केंद्राच्या प्लॅस्टिक कचरा नियमांतील दुरुस्तीही अमलात आली. प्लॅस्टिकच्या वेष्टनामागे कोण आहे हे कळावे, म्हणून बारकोड, क्यूआर कोड किंवा ठरवून दिलेल्या अन्य मार्गाने उत्पादकाने आपली माहिती द्यायची आहे. म्हणजे पाकीट कोणाच्या कारखान्यातून निघाले हे शोधता येते, कोणाच्या घरी गेले हेही नोंदले जाते. आतले पीठ संपले की मात्र ते कोणाचेच नसते.

एका सेविकेने पाठवलेली हकिगत वाचून संताप आला. तिने मातांना सांगून पाकिटे धुऊन, वाळवून परत आणायला लावली. पोतेभर जमल्यावर पर्यवेक्षिकेला विचारले, तर उत्तर आले, ग्रामपंचायतीला द्या. ग्रामपंचायतीत सांगितले गेले, हा बालविकास प्रकल्पाचा माल, आमचा संबंध नाही. भंगारवाल्याने पाकीट दोन बोटांत चुरगळले आणि म्हणाला, ‘कुरकुरतंय ताई, हे चालत न्हाई.’ पोते आजही अंगणवाडीच्या कोपऱ्यात आहे आणि उंदीर झाल्याची तक्रार तिच्याच नावावर लागली आहे.

भंगारवाला खोटे बोलत नाही. दुधाची पिशवी एका जातीच्या प्लॅस्टिकची असते. ती ताणते, वितळते, तिला भाव आहे. बालआहाराचे पाकीट दोन-तीन पदर एकमेकांना चिकटवून बनते : बाहेर छपाईचा, आत पॉलिथिनचा आणि काहींत मध्ये ॲल्युमिनियमचा. हवा आणि ओल लागू नये म्हणून हे पदर लागतात, बाळाच्या अन्नाच्या बाबतीत त्यात तडजोड नको. पण चिकटलेले पदर सुटे होत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक नाही. असा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतो, पण त्यासाठी तो टनाने जमावा लागतो. वाडीवरच्या पोत्यासाठी कोणी गाडी पाठवत नाही.

कायदा काय म्हणतो? 2016 चे नियम गावातल्या प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर टाकतात. उत्पादक आणि ब्रँडमालक यांच्यावरही विस्तारित जबाबदारी आहे. या बहुपदरी वेष्टनांसाठी 2025-26 चे पुनर्चक्रीकरणाचे किमान लक्ष्य 40 टक्के आहे. पण ब्रँडमालकाची व्याख्या विक्रीवर उभी आहे, आणि टीएचआर विकले जात नाही. हात झटकायला एवढी फट पुरते. शिवाय लक्ष्य पुनर्चक्रीकरणवाल्यांकडून घेतलेल्या प्रमाणपत्रांवर भागवता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला 2023 मध्ये अशी सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे सापडली, आणि ती देणाऱ्यांत महाराष्ट्रातले पुनर्चक्रीकरणवालेही होते. चंदगडच्या पाकिटाला हात न लावता 40 टक्के पूर्ण होऊ शकतात, ते असे.

तोवर ही पाकिटे जातात कुठे? बंबात. आपल्या जिल्ह्यात आंघोळीचे पाणी तापवायला बंब किंवा चूल पेटवताना पहिली काडी प्लॅस्टिकला लावली जाते. ज्या बाळासाठी ते पीठ आले, तेच बाळ आईच्या कडेवर बसून तो धूर घेते.

आमची मागणी सोपी आहे. पुरवठादाराची गाडी पाकिटे उतरवून रिकामी परत जाते. तिनेच जुनी पाकिटे न्यावीत. ही अट पुरवठ्याच्या करारात घालावी आणि परतीची पावती जोडल्याशिवाय बिल काढू नये. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याच्या प्लॅस्टिक कचरा युनिटसाठी 16 लाखांपर्यंत तरतूद आहे. माल तिथे उतरवावा. सेविकेच्या माथी नवे रजिस्टर मारू नये. पोती मोजण्याचे काम पुरवठादाराचे.

आता आपल्यातल्या काहींना स्पष्ट सांगायचे आहे. अंगणवाडीच्या मागे पाकिटांचा ढीग पेटवणाऱ्या भगिनी आहेत, आणि ते पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या पर्यवेक्षिकाही आहेत. परसबागेची रोपे लावायला काही पाकिटे जरूर वापरा. खाली भोके पाडा, रोप जमिनीत लावताना पाकीट काढून घ्या. पण महिन्याला येणारी सगळी पाकिटे रोपांत संपणार नाहीत, त्यामुळे परसबागेचा फोटो टाकून विषय मिटला असे समजू नका.

भगिनींनो, येत्या माता बैठकीत एवढेच करा. पाकिटाचा कोपरा कापून वेगळा करू नका, असे मातांना दाखवून सांगा. तो तुकडा गटारात जातो आणि पुढे नदीत. धुवा, वाळवा, एकात एक घाला. गावच्या रेशन दुकानातल्या काट्यावर पोते तोला, वजन आणि गावाचे नाव पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवा. बाराही तालुक्यांची वजने घेऊन आम्ही जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण समितीसमोर जाणार आहोत. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी कार्डावर तसे लिहावे.