‘ध’चा ‘मा’ नंतर झाला, आधी ‘ध’ लिहिला कोणी?

मंडळी, भाऊबंदकी या शब्दाचा अर्थ खेड्यातल्या माणसाला शब्दकोशात पाहावा लागत नाही. धुऱ्यावरचे लिंबाचे झाड कोणाचे, सामाईक विहिरीवर मोटार कोणी किती तास चालवायची, पाणंदीतून गाडी कोणी न्यायची, एवढ्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते. मग लहानपणी एका ताटात जेवलेले दोघे तालुक्याच्या कोर्टाच्या पायरीवर एकमेकांकडे पाठ करून बसतात. पेरणीचे दिवस तारखांत जातात आणि सोयाबीनचे पैसे वकिलाच्या खिशात.

याच नावाचे एक नाटक मराठीत आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’. ते १९०९ साली रंगभूमीवर आले. खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. दोनच वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, सुरतेला काँग्रेस फुटली होती. अशा वेळी घरच्या फुटीचे नाटक लोकांपुढे आले, तेव्हा पाहणाऱ्याला ते जुन्या काळापुरते वाटले नसणार. नाटकाचा विषय आहे नारायणराव पेशव्यांचा खून आणि तो करवणारा त्यांचा सख्खा चुलता रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. राज्य बुडवायला जो दुर्गुण पुरतो तोच घर बुडवायलाही पुरतो, म्हणून आज या नाटकाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

गोष्ट पुण्याची असली तरी तिची मुळे शोधत गेले तर आपल्या मराठवाड्यात यावे लागते. लातूर जिल्ह्यातला उदगीरचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. भाऊ म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा चुलतभाऊ. राघोबा मात्र नानासाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ. त्यानेही काही थोडेथोडके केले नव्हते. १७५८ मध्ये त्याच्या मोहिमेत मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली होती. पण ती मोहीम गाजली तसे कर्जही बोकांडी बसले. पुढे अब्दालीशी गाठ पडायची वेळ आली तेव्हा उत्तरेची सरदारी राघोबाला न मिळता उदगीरच्या विजयी भाऊला मिळाली.

जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले. भाऊ गेले, नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव गेला, आणि त्या दुःखात जूनमध्ये नानासाहेबही गेले. पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावाला मिळाली. आता जरा राघोबाच्या जागी बसून पाहा. वय सव्वीस-सत्तावीस, अटकेपर्यंतचा पराक्रम गाठीला, आणि मिसरूड न फुटलेल्या पुतण्याला मुजरा करायचा. त्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटले असणार. अन्याय झाला असे वाटणे हा काही गुन्हा नाही. गुन्हा पुढे आहे.

१७६२ मध्ये राघोबाने घरच्या भांडणात परक्याला बोलावले. निजामाच्या मदतीने त्याने पुतण्याला नमवले. मग पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, बीड जिल्ह्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवनला चुलता-पुतणे एका बाजूने निजामाशी लढले. लढाईत राघोबा शत्रूच्या गराड्यात सापडला आणि पुतण्याने धावून जाऊन त्याला सोडवले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या दिवशी पडला. नांदेडच्या घाटाला लागणारे पाणी राक्षसभुवनवरूनच वाहत येते, म्हणून हे ध्यानात ठेवायला सोपे आहे. चुलता फुटला तेव्हा निजामाचे फावले, चुलता जुळला तेव्हा निजाम हरला. एवढा धडा एका वर्षात मिळूनही राघोबाचे मन निवळले नाही. १७६८ मध्ये धोडपला त्याने पुन्हा तलवार उपसली, हरला, आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला.

नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला माधवराव क्षयाने गेले. गादीवर आला नारायणराव, वय सतरा. राघोबाच्या हातून गादी दुसऱ्यांदा गेली आणि दुसऱ्यांदा ती एका पोरालाच मिळाली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, सुमेरसिंग आणि त्याचे गारदी थकलेल्या पगाराचा तगादा लावत वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्याच्या खोलीत गेला आणि त्याला मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ ही हाक लोकांच्या तोंडी अजून आहे. चुलत्याने वाचवले नाही. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक मात्र धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्यासोबत मेला. रक्ताचा माणूस बाजूला झाला आणि पगारी माणूस जीव देऊन गेला.

इथे कोणी म्हणेल, गारदी जातच बेइमान. तसे मुळीच नाही. उदगीरला भाऊंच्या बाजूने तोफा डागणारा इब्राहिमखान हाही गारदीच होता. पानिपतावर तो शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्यापायी त्याने प्राण दिले. इमान जातीत नसते आणि नात्यातही आपोआप येत नाही. ते ज्याचे त्याला राखावे लागते.

आता ‘ध’चा ‘मा’. सांगतात ते असे, की राघोबाने गारद्यांना ‘नारायणरावांस धरावे’ असे लिहून दिले, आणि त्याची बायको आनंदीबाई हिने ‘ध’ खोडून ‘मा’ केला. धरावेचे मारावे झाले. ही गोष्ट इतकी रुजली की आपल्या बोलण्यात म्हणच होऊन बसली. पण ती परंपरेची कथा आहे, इतिहासात सिद्ध झालेली नाही. माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे. समजा, बाईने अक्षर खरेच बदलले. तरी ‘ध’ लिहिला कोणी? सतरा-अठरा वर्षांच्या पुतण्याला पगारासाठी पिसाळलेल्या हत्यारबंद लोकांच्या हाती द्यायला तयार कोण झाला? तो कागद लिहिला तेव्हाच दगा झाला होता. पुढे फक्त अक्षर बदलले.

घराघरांत आपण हेच करतो. वाटणी झाली की ‘धाकट्याच्या बायकोने घर फोडले’ असे गाव म्हणते. दोन भावांच्या मनात दहा वर्षे जे कुजत होते त्याचा कोणी हिशेब करत नाही. आयाबायांनो, आनंदीबाई धुतल्या तांदळासारखी होती असे मी म्हणत नाही. सत्तेची हाव तिलाही होती असेच नाटकवाले दाखवतात. पण पुरुषाच्या मनात आधीच पेटलेले नसेल तर बाईच्या फुंकरीने आग लागत नाही.

आता हेवा आणि लोभ यांतला फरक पाहू, कारण जुनी नाटके यावरच उभी आहेत. लोभी माणूस म्हणतो, मला पाहिजे. हेवा करणारा म्हणतो, त्याला कशाला पाहिजे? लोभ्याला चार पैसे जास्त देऊन गप्प बसवता येते. हेवेकऱ्याला काहीही दिले तरी त्याचे समाधान होत नाही, कारण त्याचे डोळे स्वतःच्या ताटावर नसतातच. इंग्रज नाटककार शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ हे नाटक लिहिले. मूळ नाटकातला इयागो हा सैन्यातला माणूस. बढती आपल्याला न मिळता दुसऱ्याला मिळाली, एवढ्या सलाने तो आपल्या सेनापतीचा संसार उद्ध्वस्त करतो. त्यातून त्याच्या पदरात शेवटी काही पडत नाही. शेजाऱ्याच्या गंजीला काडी लावणाऱ्याला त्या गंजीतली पेंढी कधी मिळते का? तसेच ते.

राघोबाच्या गोष्टीत दोन्ही दिसतात. दार उघडले हेव्याने आणि आत शिरला लोभ. गारद्यांना पैसा हवा होता. त्यांच्यापेक्षा मोठा लोभी मुंबईच्या किनाऱ्यावर टपून बसला होता, तो इंग्रज. राघोबा काही महिने पेशवा झाला. पण एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईला, पुरंदरवर मुलगा झाला. बारभाईंनी त्या चाळीस दिवसांच्या लेकराच्या नावाने कारभार हाती धरला आणि राघोबा पळत इंग्रजांकडे गेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्याने करार केला: मला गादीवर बसवा, साष्टी आणि वसई घ्या. साष्टी म्हणजे आजची मुंबईची उपनगरे आणि ठाणे. लढाई १७८२ पर्यंत चालली. शेवटी राघोबाला गादी मिळाली नाहीच, पण साष्टी इंग्रजांच्या घशात कायमची गेली. १७८३ मध्ये राघोबा कोपरगावला मेला. त्याचाच मुलगा दुसरा बाजीराव. त्यानेही १८०२ मध्ये वसईला इंग्रजांशी तह करून गादी टिकवली आणि १८१८ मध्ये पेशवाई कायमची बुडाली. ज्या गादीसाठी बापाने पुतण्या मारला, ती मुलाच्या हातातून गेली.

शेतीच्या तंट्यातही हिशेब असाच निघतो. दोन भाऊ वीस गुंठ्यांसाठी भांडतात. दोघेही सावकाराकडे जातात, दोघेही वकील लावतात, आणि पंधरा वर्षांनी दोघांचीही चांगली काळी जमीन तिसऱ्याच्या नावावर सातबाऱ्याला चढलेली असते. गावात निवडणूक आली की भावाविरुद्ध भावाला उभे करणारा पुढारी हा तिसराच असतो. तो मांडवाचा खर्च करतो, पाठीवर हात ठेवतो आणि ‘तुझ्यावर अन्याय झालाय’ असे कानात सांगतो. निवडून कोणीही येवो, दोन्ही घरे त्याच्या मुठीत जातात. म्हणून ‘तुझ्यावर अन्याय झालाय’ असे कोणी सांगू लागला की आधी पाहावे, आपण भांडल्यावर त्याच्या पदरात काय पडते.

नाटकात अंधारच आहे असे समजू नका. त्यात रामशास्त्री प्रभुणे आहेत. साताऱ्याजवळच्या माहुलीचा हा न्यायाधीश. खुनाची चौकशी करून दोष खुद्द राघोबाचा आहे हे त्यांनी शोधले. राघोबा त्या वेळी सत्तेवर होता. तरी त्याच्या तोंडावर, याला देहान्त प्रायश्चित्त हीच शिक्षा, असे सांगून ते पद सोडून निघून गेले. त्यांच्याजवळ फौज नव्हती. ते गेल्यावर राघोबा लगेच गादीवरून उतरला असेही नाही. पण त्या दिवसापासून राघोबाला आपण हक्काने बसलो आहोत असे म्हणायची सोय राहिली नाही. गावातल्या चावडीवर असा एक जरी माणूस असला, जो दोन्ही भावांचे जेवतो पण चुकणाऱ्याला तोंडावर ‘चुकलास’ म्हणतो, तर निम्मी भांडणे कोर्टापर्यंत जात नाहीत. आपल्या राज्यात २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या मुळाशी हाच विचार होता. पण समिती कागदावर नेमणे सोपे असते, रामशास्त्री व्हायला खमकेपणा लागतो.

आता जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. वाटणी करायचीच असेल तर आईबाप हयात असताना आणि सगळे एकमेकांशी बोलत असताना करा. तोंडी ठेवू नका. सरकारी मोजणी करून घ्या, खुणा रोवा, वाटणीपत्र करा, सातबारा वेगळे करा. बहिणींना त्यात बोलवा. कायद्याने त्यांचा हक्क आहे, आणि हक्कसोड सही करून घ्यायची म्हणून भाऊबीजेला साडी नेणे ही ओवाळणी नव्हे. विहीर, पाइपलाइन, वाट यांचे आधी ठरवा. जमिनीपेक्षा पाण्यावरून आणि वाटेवरून जास्त डोकी फुटतात.

आणि एक गोष्ट मनात. भावाचे पीक आपल्यापेक्षा चांगले आले, त्याचा पोरगा नोकरीला लागला, त्याच्या दारात ट्रॅक्टर आला, की छातीत बारीकशी कळ येते. ती सगळ्यांना येते, तिची लाज वाटून घेऊ नका. पण ती कळ ‘माझा हक्क’ असे नाव धारण करून बाहेर पडू लागली, की थांबा. हक्क असेल तर तो चार लोकांत, भावाच्या तोंडावर मागता येतो. जे भावाच्या पाठीमागे तिसऱ्याच्या कानात सांगावे लागते तो हक्क नसतो. तो राघोबाचा ‘ध’ असतो. त्याचा ‘मा’ कधी होईल हे मग आपल्या हातात राहत नाही.

बघा पटते का.