मीटरचे फूट केले की पाणी दिशा बदलते का?

पेठ वडगावच्या शिवारात सरी साडेचार फुटी असते, पण तिची लांबी मीटरमध्ये सांगितली जाते. एकाच रानात दोन पट्ट्या. त्यातून गणिताचा एक धडा मिळतो, जो पदवीच्या वर्गात बहुतेकांना अवघड जातो.

समजा, सरी 100 मीटर लांब आहे आणि उतार मीटरमागे 3 मिलिमीटर. फुटांत मोजली तर तीच सरी 328 फूट. आकडा वाढला. उतार मात्र फुटामागे 0.91 मिलिमीटर. आकडा घटला. गुणाकार दोन्हीकडे तोच, साधारण 30 सेंटिमीटर. पाणी तेवढेच खाली उतरते, पट्टी कुठलीही असो.

विस्थापन, वाऱ्याचा वेग, पाण्याच्या प्रवाहाचा वेग या सदिश राशी. एकक लहान केले की त्यांचे आकडे मोठे होतात. ‘एककामागे किती’ सांगणाऱ्या राशी नेमक्या उलट वागतात. त्यांना डिफरेन्शियल फॉर्म म्हणतात. एली कार्तां या फ्रेंच गणितज्ञाने 1899 मध्ये त्यांची नीट मांडणी केली.

घोळ होतो तो उतारालाही बाण समजल्याने. रान पूर्वेकडे मीटरमागे 3 आणि उत्तरेकडेही मीटरमागे 3 मिलिमीटर उतरते, असे धरा. पाणी ईशान्येला जाणार. आता पूर्वेकडचे अंतर फुटांत मोजा. आकडे झाले 0.91 आणि 3. यांचाच बाण काढला, म्हणजे 0.91 फूट पूर्वेला आणि 3 मीटर उत्तरेला गेलो, तर तो जवळजवळ सरळ उत्तरेकडे वळतो. रान तेच, बाण खोटा! सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा काढल्या असत्या, तर कागद कसाही ताणला तरी त्या खऱ्याच राहिल्या असत्या. त्यामुळे ‘परिमाण आणि दिशा असते तो सदिश’ ही व्याख्या मला अपुरी वाटते. एकक बदलल्यावर आकडा कसा बदलतो, हे तिच्यात कुठेच येत नाही. उतार शिकवताना आधी समोच्च रेषा काढाव्यात, बाण नंतर.

फोनमधल्या नकाशावर तर हा गुणकही जागोजागी बदलतो. रेखांशाचा एक अंश इथे सुमारे 106.5 किलोमीटर, दिल्लीत 98च्या आसपास. ताशी 20 किलोमीटरचा तोच पूर्वेकडे वाहणारा वारा तिकडे तासाला जास्त अंश कापतो.

क्षेत्रफळाला हा गुणक दोनदा लागतो, लांबीसाठी एकदा आणि रुंदीसाठी एकदा. म्हणून चौरस फुटाला 1,000 रुपये दर हा चौरस मीटरला 10,764 रुपये होतो, 3,281 नव्हे. आपल्याकडे गुंठा आणि आर सर्रास एकच धरतात. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, आर सुमारे 1,076 चौरस फुटांचा. दर गुंठ्याचा ठरला आणि सातबारावरचे 40 आर हेच 40 गुंठे धरून पैसे मोजले, तर घेणाऱ्याचे 504 चौरस फूट, म्हणजे जवळपास अर्धा गुंठा, गेला.