फावडं आणि आईची भाषा

चेर्नोवित्झ नावाचं शहर आज युक्रेनमध्ये आहे. तेव्हा ते रुमानियात होतं, त्याआधी ऑस्ट्रियाच्या बादशहाचं. शहर जागचं हललं नाही, मालक तेवढे बदलले. तिथं आंचेल नावाचं ज्यू कुटुंब राहायचं. बाप लेओ, इमारती लाकडाच्या धंद्यातला दलाल. आई फ्रिट्झी. एकुलता एक पोरगा पाउल, जन्म 1920 चा. बापाला वाटायचं पोरानं हिब्रू शिकावं. आईचा जीव जर्मनवर. घरात जर्मनच, आणि तेही शुद्ध, पुस्तकातलं. पोराला कवितेचा नाद लागला तो आईच्या या भाषेपायी.

दोस्तहो, हे ध्यानात ठेवा. पुढं याच भाषेत हुकूम सुटणार आहेत.

1941 च्या जुलैत रुमानियन आणि जर्मन फौजा शहरात शिरल्या. ज्यूंचं मोठं प्रार्थनामंदिर जाळलं. ऑक्टोबरात सगळ्यांना एका वस्तीत कोंबलं आणि नीस्टर नदीपलीकडे, ट्रान्सनिस्ट्रियात न्यायला गाड्या लावल्या. महापौर पोपोविची आडवा आला. म्हणाला, ही माणसं गेली तर शहर चालणार नाही. वीसेक हजार लोकांना राहण्याचे परवाने मिळाले. माणूस भला, त्याला सलाम. पण परवान्यावर जगणं म्हणजे काय, ते पुढच्याच उन्हाळ्यात दिसलं. 1942 च्या जूनमध्ये हजारो परवाने रद्द. चिठ्ठी देणारा हात गेला की चिठ्ठीही गेली!

पाउल घरच्यांच्या मागं लागला होता, लपू या म्हणून. आईबापानं ऐकलं नाही. तो एकटाच रात्रीपुरता दुसरीकडे गेला. परतला तेव्हा दाराला सील होतं, असं त्याच्या ओळखीचे सांगत.

ती दोघं बूग नदीच्या बाजूला गेली. तिथं जर्मनांना लष्करासाठी रस्ता पाहिजे होता. खडी फोडायला, पसरायला ज्यू माणसं. आपल्याला शाळेत शिकवलं, जर्मनी म्हणजे गटे, जर्मनी म्हणजे संस्कृती. त्या संस्कृतीचा हा रस्ता. जो फावडं उचलेल तो उद्यापर्यंत जगेल. बाप त्याच वर्षी मेला. आई कामाच्या उपयोगाची राहिली नाही म्हणून हिवाळ्यात गोळी घातली. पोराला दोन्ही बातम्या दुसऱ्यांकडून, मागाहून कळल्या.

पोरगा तेव्हा रुमानियातल्या मजूर छावणीत, तोही रस्त्याच्याच कामावर. तिथं काय करायचास, असं कुणी विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायचा म्हणे : फावडं. हे उत्तर मला कळतं. धक्क्यावर पाळीभर फावडं ओढल्यावर हाताच्या फोडांना उपमा सुचत नाहीत. पण तुलना इथंच थांबवतो. मला हजेरीचे पैसे मिळतात, आणि घरी गेलो की आई दार उघडते.

युद्धानंतर तो बुखारेस्टला, मग व्हिएन्नाला, 1948 पासून पॅरिसात. आंचेल हे नाव उलटसुलट करून सेलान झाला. रुमानियन येत होती, फ्रेंच येत होती, रशियनमधून तो भाषांतरं करायचा. मग मारेकऱ्यांच्या भाषेत का लिहीत राहिला? आपल्यातही भांडण आहे. काहीजण म्हणतात, त्यांची भाषाच नको, थुंका तिच्यावर. सेलाननं तसं केलं नाही. ती भाषा त्याच्या आईची होती, मारेकऱ्यांच्या बापाची नव्हती. पण जशी मिळाली तशीही ठेवली नाही. शब्द मोडले, एकमेकांत ठोकले, मध्ये मुकेपणा ठेवला. मला वाटतं हेच खरं बंड. न पटणाऱ्यांनी पत्र लिहावं, छापू.

1952 साली जर्मन लेखकांच्या ग्रुप 47 च्या बैठकीत त्यानं कविता वाचली, तर त्याच्या वाचायच्या ढंगाला मंडळी हसली. उच्चारावरून हसणं म्हणजे काय, ते आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. पुढं त्याच लोकांनी बक्षिसं दिली, मृत्यूछावणीवरची त्याची कविता पाठ्यपुस्तकात घातली. पोरं तिची लय मोजायला लागली. तो ती जाहीर वाचायचं टाळू लागला. 1970 च्या एप्रिलात त्यानं सीन नदीत जीव दिला.

आणि एक पोरगी. झेल्मा मीरबाउम-आयझिंगर, त्याच्याच नात्यातली, त्याच शहरातली. तिलाही त्याच रस्त्यावर नेलं होतं, आई आणि सावत्र बापासकट. 1942 च्या डिसेंबरात मिखाइलोव्का छावणीत टायफसनं गेली. वय अठरा. मागं एक वही राहिली, सत्तावन्न कविता. एका पानावर लाल पेन्सिलीनं लिहिलंय, की पुरी करायला वेळ मिळाला नाही.

ती वही मित्राकडे गेली. 1944 साली तो बोटीवर चढण्याआधी ती दुसऱ्या हाती देऊन गेला. बोट काळ्या समुद्रात बुडाली, तोही बुडाला. वही वाचली. एक मैत्रीण ती युरोपभर वागवत इस्राएलला घेऊन गेली. 1976 साली छापली ती कुठल्या प्रकाशकानं नाही, तिच्या जुन्या मास्तरानं, स्वतःच्या खर्चानं.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवताना एक नक्कल दोस्ताकडे ठेवा. आमच्याकडे कपाट नाही, आणि खोलीला कुलूपही धड नाही.